पडदेवाल्यांच्या मागे कोणी नसतं

माझे दाजी सायकल शर्यतीत शेवटचे येतात. कधीमधी नव्हे, दर शर्यतीत. संघटनेने स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं तेव्हापासून त्यांच्या नंतर रेघ ओलांडणारा माणूस मी बघितलेला नव्हता. मेहुणा म्हणून चेष्टा करतोय असं वाटेल, पण वेळ मीच नोंदवतो, त्यामुळे याबाबतीत माझ्याइतका खात्रीने बोलणारा दुसरा कोणी नाही.

दाजींचा धंदा पडदे शिवण्याचा. घरांचे, दवाखान्यांचे, मंगल कार्यालयांचे, आणि एकदा तर नाट्यगृहाचाही भलामोठा मखमली पडदा त्यांनी शिवला. त्यामुळे संघटनेत त्यांना सगळे पडदेवाले म्हणतात, आणि ते लांबून येताना दिसले की कोणीतरी हमखास म्हणतं, "आले पडदेवाले, पडला पडदा." मग खुर्च्या उचलायला सुरुवात होते. दाजींना हे सगळं माहीत आहे. ते हसतात, घाम पुसतात आणि केळं मागतात.

मी स्वतः दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर अनोळखी लोकांच्या जबड्यांचे साचे समोर मांडून बसल्यावर माणूस किरकिरा होतो, असं माझी बायको म्हणते, आणि ते खरं असावं. पण दाजींवर मला फार वेळ किरकिर करता येत नाही. हा माणूस चिडत नाही म्हणजे नाहीच. तुम्ही त्यांना टोमणा मारा, ते तो कापडासारखा हातात घेऊन बघतील, बरा असेल तर दाद देतील आणि परत मशीनवर वाकतील.

आमची संघटना हौशी लोकांची आहे. आठवडाभर आपापली पोटापाण्याची कामं करायची आणि सुट्टीच्या सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यांवर घाम गाळायचा, असा सगळा प्रकार. तिची एक जुनी पद्धत आहे. जो जिंकेल त्याने बक्षीस घेऊन मिरवायचं नाही. शेवटच्या रेघेवर झेंडा उंच धरून उभं राहायचं, अगदी शेवटचा सायकलवाला येईपर्यंत. तो आला की झेंडा खाली, मग चहा, मग बक्षिसं. पायात गोळे आलेले आमचे जेते तिथे दाजींची वाट बघत एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभे राहतात. सध्या बहुतेक शर्यती एक तरुण इलेक्ट्रिशियन जिंकतो. तो म्हणतो, शर्यत जिंकायला लागत नाहीत तेवढे कष्ट नंतर उभं राहायला लागतात.

दाजी या भानगडीत पडले ते झेंड्यांमुळेच. आमच्या शर्यतीत प्रत्येक वळणावर एक माणूस झेंडा घेऊन उभा असतो आणि कुठे वळायचं ते दाखवतो. दाजी तेव्हा ऐन तरुण होते. खांद्यावर पडद्याचा दांडा आणि कॅरिअरला बांधलेले पडदे घेऊन ते एका गिऱ्हाइकाकडे निघाले होते. कोपऱ्यावर एका माणसाने झेंडा हलवून त्यांना डावीकडे वळवलं. दाजींना वाटलं, पुढे रस्ता खणलेला असेल. ते वळले. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा झेंडा, पुन्हा वळण. हा काय प्रकार आहे ते डोक्यात शिरेपर्यंत ते गावाबाहेर पार तलावापाशी पोचले होते, आणि आता मागे फिरलं काय नि पुढे गेलं काय, अंतर तेवढंच, असा विचार करून ते पुढेच गेले. शेवटी रेघेवर एक दमलेला माणूस झेंडा धरून उभा. दाजी दांड्यासकट रेघेवरून गेले, झेंडा खाली आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कोणीतरी हातात केळं ठेवलं. आयुष्यात आपल्यासाठी कोणी टाळी वाजवण्याचा हा पहिलाच प्रसंग होता, असं ते अजूनही सांगतात.

ज्या गिऱ्हाइकाचे पडदे उशिरा पोचले ते गिऱ्हाईक म्हणजे आम्ही. आईने सकाळीच जुने पडदे उतरवून ठेवले होते आणि दिवसभर आख्खी गल्ली आम्हाला जेवताना बघत होती. संध्याकाळी दारावर टकटक झाली तेव्हा ताई उघडायला गेली. तिने त्या घामेजलेल्या माणसाला उंबऱ्यावरच जे फैलावर घेतलं ते मला आतल्या खोलीत ऐकू येत होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला झेंड्यांनी फिरवलं हो." ताईला हसू आवरेना. त्याच रागात तिने पुढे त्यांच्याशी लग्न केलं, असं मी सगळ्यांना सांगतो.

तेव्हापासून दर शर्यतीला ताई रेघेपाशी असते. थर्मास आणि घडीचं स्टूल घेऊन येते. ते स्टूल ती उघडून ठेवते आणि त्याच्या शेजारी उभी राहते. बस म्हटलं तर म्हणते, बसल्यावर वळण दिसत नाही.

आता कोणी म्हणेल, हा माणूस इतका मागे का पडतो? अंगात ताकद नाही असं नाही; कापडाचे तागे ते दोन जिने चढवून नेतात. पण ते सायकल चालवतात तशीच, जशी शिलाई मारतात. टाका सारखा पडला पाहिजे, घाई नको. त्यातून रस्त्याकडेच्या घरांच्या खिडक्या हा त्यांचा जीव की प्राण. एखादा पडदा एका बाजूने लोंबताना दिसला की त्यांचा पाय आपोआप सैल पडतो. बाकीचे पुढे वाऱ्याशी झुंजत असतात तेव्हा हे कोणाच्या तरी दिवाणखान्यातल्या चुण्या न्याहाळत असतात. मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "मला कुठे पहिलं यायचंय?"

एका गोष्टीचा मात्र त्यांना अभिमान आहे, आणि तो ते लपवतही नाहीत. सुरू केलेली शर्यत त्यांनी कधी अर्धवट सोडलेली नाही. टायर फुटो, पाऊस लागो. एकदा साखळी तुटली तेव्हा सायकल खांद्यावर घेऊन चालत आले. आम्ही चहासाठी ताटकळलो होतो, पण टाळ्या त्या दिवशी जोरात पडल्या.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या संघटनेला नव्या अध्यक्ष मिळाल्या. बाई बस डेपोत वेळापत्रकं बसवतात. कुठली बस कुठून किती वाजता सुटली पाहिजे, हा त्यांचा दिवसभराचा विचार, आणि स्वतः सायकलही छान चालवतात. त्यांनी आल्या आल्या नियमांमध्ये बदल सुचवले. बहुतेक रास्तच होते. छातीसारखाच पाठीवरही नंबर लावा, रिकाम्या बाटल्या शेतात फेकू नका, शर्यतीआधी ब्रेक तपासून घ्या. एका बदलापाशी मात्र सभेत सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. बाईंचं म्हणणं होतं, मोठा घोळका येऊन गेल्यावर ठरावीक वेळेच्या आत जो येत नसेल त्याला मागून येणाऱ्या गाडीत घ्यावं.

कारण खोटं नव्हतं. मागच्या शर्यतीत पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर बाईंचे सासरे झेंडा घेऊन उभे होते. सगळे निघून गेले तरी शेवटचा माणूस यायचा होता, म्हणून ते उन्हात उभेच राहिले आणि त्यांना चक्कर आली. शेजारच्या पानपट्टीवाल्याने त्यांना सावलीत नेलं म्हणून निभावलं. बाई हे सांगत होत्या तेव्हा त्यांनी कोणाचंही नाव घेतलं नाही. दाजी पहिल्या रांगेत बसले होते आणि मान हलवून हो म्हणत होते.

आमच्याकडे नियम लगेच मंजूर होत नाही. आधी एका शर्यतीत तो चालवून बघायचा आणि मग हात वर करायचे, अशी रीत आहे. ती चाचणीची शर्यत ठरली. मागून येणारी गाडी कोणाची, असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या गाडीकडे वळल्या, कारण कवळ्यांचे खोके पोचवायला माझ्याकडे मोठी गाडी आहे. म्हणजे माझ्याच हाताने माझ्या दाजींना रस्त्यावरून उचलायचं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण दाजीच म्हणाले की गाडी चांगली ऐसपैस आहे.

शर्यतीच्या आधी मी त्यांच्या दुकानावर गेलो. ते एका दवाखान्याचे हिरवे पडदे शिवत होते आणि ताई शिवून झालेल्यांवर इस्त्री फिरवत होती. मी म्हटलं, तुम्ही सभेत बोला, हा नियम तुमच्या एकट्याच्या मानेवर आहे. दाजींनी मशीन थांबवलं.

"नियम बरोबर आहे रे. म्हाताऱ्या माणसाला माझ्यामुळे चक्कर आली. मी खिडक्या बघत बसायचं आणि त्यांनी उन्हात तापायचं?"

ताईने इस्त्री जरा जास्तच जोरात आपटली. मी विचारलं, मग करणार काय? तर म्हणाले, गाडी आली की बसणार. थोडा वेळ ते कापडाची दुमड बोटाने सारखी करत राहिले.

"फक्त एक आहे," ते म्हणाले. "रेघ ओलांडायची असते मला. ती ओलांडली की गेलो होतो नि आलो, असं वाटतं. नाहीतर मग नुसतं हिंडून आल्यासारखं."

ताई इस्त्री उभी करून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला त्या क्षणी त्या बाईंचा, त्यांच्या वेळापत्रकांचा आणि माझ्या ऐसपैस गाडीचाही मनापासून राग आला.

चाचणीच्या दिवशी बाई माझ्या शेजारी घड्याळ घेऊन बसल्या. रेघेवर वेळ नोंदवायचं काम मी बायकोकडे सोपवलं होतं. ताईलाही मी म्हटलं, गाडीत चल. ती म्हणाली, मी माझ्या जागेवर उभी राहीन, आणि स्टूल उचलून चालायला लागली.

जुन्या पुलापाशी दाजींची वेळ संपली. मी हॉर्न वाजवायच्या आतच त्यांनी हात वर केला आणि ते थांबले. स्वतःच सायकल गाडीमागच्या स्टँडवर चढवली, गाडीला डाग पडू नये म्हणून साखळीला फडकं गुंडाळलं, आणि मागच्या सीटवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले. दात काढायला आलेला माणूस खुर्चीत बसतो तसे. बाईंनी वळून पाणी विचारलं. त्यांचाही चेहरा उतरला होता. मी आरशात बघायचं टाळलं आणि गाडी पुढे घेतली.

त्यानंतर जे झालं त्याचा विचार कोणीच केलेला नव्हता, बाईंनीही नाही. दाजी गाडीत आल्यावर रस्त्यावरचा शेवटचा माणूस दुसराच कोणीतरी झाला. तो होता एका कारखान्याच्या कँटीनमधला आचारी. हा गडी नेहमी शेवटून दुसरा येतो आणि त्यातच सुखी असतो. सवयीप्रमाणे त्याने निवांत मान वळवली, मागे दाजी दिसतील म्हणून. दाजी दिसले, पण गाडीच्या खिडकीत. त्याच्या तोंडचं पाणी पळालं आणि त्याने अशी काही सायकल हाणायला सुरुवात केली की चढाच्या निम्म्यावरच त्याचा दम संपला.

"अरे, उगाच जोर लावू नको," दाजी खिडकीतून निम्मे बाहेर येऊन सांगत होते. "गिअर उतरव. मागे बघू नको, मागे मीच आहे."

आचारी गाडीत आला. मग पतपेढीतला कॅशियर आला. तो आपण कायम मधल्या घोळक्यात असतो, असं तावातावाने सांगत होता आणि आत बसल्यावरही सांगत राहिला. मग एक चष्मेवाला. प्रत्येकाने आधी बेफिकीरपणे मागे बघितलं, मग दचकला, मग बसला. दाजी प्रत्येकाला सरकून जागा करून देत होते आणि केळी वाटत होते. टाकीच्या चढावर शेवटी बाईंचे यजमान सापडले. ते थेट मागे कवळ्यांच्या खोक्यांवर जाऊन बसले. बाई समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिल्या. पुढे अजून एक जण रखडत होता, पण गाडीत आता मांजरालाही जागा नव्हती.

"हा आपल्याला दिसला नाही असं समजू या," बाई घड्याळाकडे न बघता म्हणाल्या.

रेघेपाशी आम्ही पोचलो तेव्हा इलेक्ट्रिशियन झेंडा धरून उभा होता. त्याने आमच्या भरलेल्या गाडीकडे बघितलं, झेंडा खाली घ्यावा की नाही ते त्याला कळेना, आणि शेवटी त्याने तो तसाच तिरका धरून ठेवला. दाजी उतरले आणि रेघेच्या बाजूने चालत ताईपाशी गेले. रेघेवर पाय पडू नये म्हणून ते वळसा घालून गेले, हे मी बघितलं. चाचणीची शर्यत मोजत नाहीत, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "हो ना, मोजत नाहीत," आणि त्या दिवशी त्यांनी केळं मागितलं नाही.

सभा पुढच्या आठवड्यात झाली. हात वर करायच्या आधीच आचारी उभा राहिला. हा माणूस एरवी सभेत फक्त चहाबद्दल बोलतो.

"पडदेवाले मागे आहेत तोवर आपण शेवटचे नाही, हे आम्हा मागच्यांचं मनातल्या मनात ठरलेलं असतं," तो म्हणाला. "त्यांना उचललं की मी. मला उचललं की कॅशियर. असं करत करत शर्यतीत हा इलेक्ट्रिशियन एकटा उरेल."

लोक हसले, पण पटलं सगळ्यांना. बाईही हसल्या. पण त्या म्हणाल्या की सासऱ्यांना आलेली चक्कर काही या हसण्याने जात नाही, वळणावरच्या माणसांनी किती वेळ तापायचं ते सांगा. तेव्हा दाजींनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. त्यांनी दुकानात बसून काहीतरी जुळवून आणलं होतं. रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरायची आणि वळणावरच्या माणसाने मोठा घोळका गेला की झेंडा त्यात रोवून घरी जायचं. रस्ता रहदारीला मोकळा. मागून येणाऱ्यांनी कडेकडेने, सिग्नल पाळत, झेंडे बघत यायचं, आणि सगळ्यात शेवटच्याने ते उचलून गोळा करत आणायचे.

"म्हणजे मीच आणीन," ते म्हणाले. "पिशवी शिवतो."

सगळे हात वर गेले, बाईंचा सर्वांत आधी. शेवटच्याला आपण शेवटचे आहोत हे कसं कळणार, असं कोणी विचारलं नाही. मीही नाही. दाजींच्या मागे कोणी नसतं, हे आम्हाला सूर्य उगवतो इतकं उघड होतं.

पिशवी त्यांनी नाट्यगृहाच्या पडद्याच्या उरलेल्या मखमलीची शिवली. गडद लाल, पाठीला बसणारी, रुंद पट्ट्यांची. मी म्हटलं, झेंडे आणायला ही एवढी थाटाची कशाला, तर म्हणाले, माल चांगला होता. ताईने पट्ट्यांना आतून मऊ अस्तर लावून दिलं. शर्यतीच्या आधी दोनतीन दिवस ते पिशवी पाठीला अडकवून दुकानात फिरत होते आणि गिऱ्हाइकं त्यांच्याकडे बघत होती.

शर्यतीच्या सकाळी हवा छान होती. झेंडेवाले घोळका गेल्यावर डबे ठेवून घरी जात होते, बाईंचे सासरे तर आमच्या आधी येऊन चहा पीत बसले होते. इलेक्ट्रिशियन जिंकला आणि झेंडा धरून उभा राहिला. एकेक जण येत गेला. शेवटी वळणावर तो लाल ठिपका दिसला. दाजी येत होते, आणि त्यांच्या डोक्यामागे सगळ्या वळणांचे झेंडे पिसाऱ्यासारखे फडफडत होते. असं काही आमच्या शर्यतीत कोणी बघितलेलं नव्हतं. लोक खुर्च्या उचलायचे थांबले. दाजींनी रेघ ओलांडली, आणि झेंडा खाली आला. ताई टाळ्या वाजवत नव्हती, नुसती बघत होती.

मग मी वेळा तपासायला बसलो आणि एक माणूस कमी भरला.

पुन्हा बघितलं. आचारी आला नव्हता. मी दाजींना विचारलं, वाटेत दिसला का? ते म्हणाले, नाही, तो पुढे गेला असेल, माझ्या मागे कोण असणार? असं म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पाठीवरची पिशवी काढली आणि तिच्याकडे बघत राहिले.

"मी मागे बघितलंच नाही रे. आणि झेंडे सगळे उचलून आणले. त्याला रस्ता कसा कळेल?"

आचारी कायम झेंडे बघूनच वळायचा, रस्ता त्याला पाठ नव्हता, हे खरं होतं. तलावानंतर तर नुसता वळणांचा गुंता आहे. दाजी सायकल फिरवून निघालेच होते, पण बाईंनी त्यांचं हँडल धरलं. तुम्ही एका रस्त्याने जाल नि तो दुसऱ्याने येईल, त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडून गाडीची किल्ली घेऊन स्वतः शोधायला गेल्या. इलेक्ट्रिशियनने कोणी न सांगता झेंडा पुन्हा वर केला. एक सुस्कारा सोडला, पण केला.

आणि दाजी रेघेच्या अलीकडे उभे राहिले, ताईच्या शेजारी. मी त्यांना तिथे उभं असलेलं कधी बघितलं नव्हतं. तिथून वळण दिसतं आणि त्या वळणावर काहीच नसतं, हे त्यांना नवीन होतं. ते टाचा उंचावत होते. समोरून एखादा दूधवाला सायकलवर आला की हात वर करायचे आणि मग खाली घ्यायचे. तो पडला तर नसेल, टायर फुटला असेल का, त्याच्याकडे पाणी असेल ना, असं एकामागून एक ताईला विचारत होते. ताई फक्त हं हं करत होती. मी म्हटलं, बसा जरा. ते म्हणाले, "बसल्यावर वळण दिसत नाही."

बऱ्याच वेळाने आचारी आला. त्याच्या मागे हळूहळू बाईंच्या हातातली माझी गाडी येत होती, रिकामी. बाईंनी त्याला बस म्हटलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं. नंतर त्याने सांगितलं की सुरुवातीलाच त्याचा टायर फुटला, तो एका गोदामामागच्या सावलीत ट्यूब बदलत होता, आणि दाजी समोरच्या घराची खिडकी बघत त्याच्या जवळून निघून गेले. पुढे प्रत्येक कोपऱ्यावर डबा होता पण झेंडा नव्हता. मग तो दुकानदारांना विचारत आला: पाठीवर झेंडे घेतलेला माणूस कुठे वळला? असा माणूस कोण विसरणार? सगळ्यांनी बरोबर हात दाखवला.

पण हे सगळं नंतर. तो वळणावर दिसला तेव्हा दाजी दोन पावलं पुढे सरकले. दमलेला, मान खाली घातलेला, बारीकसा माणूस हळूहळू मोठा होत येतो, त्याचा चेहरा दिसायला लागतो, आणि आपल्याला बघून तो चेहरा उजळतो. मी हे शेकडो वेळा बघितलंय. दाजींनी कधीच बघितलेलं नव्हतं, कारण त्यांच्या मागून कधी कोणी आलंच नव्हतं. आचाऱ्याने रेघ ओलांडली. दाजींनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की सासरेबुवांच्या बशीतला चहा सांडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

मग ते ताईकडे वळले.

"इतकी वर्षं तू उभी राहून हे बघतेस होय?"

"हे कुठे," ताई म्हणाली. "मी तुम्हाला येताना बघते. ते याहून बरं दिसतं."

इलेक्ट्रिशियनने झेंडा खाली घेतला, मी स्टॉपवॉच बंद केलं आणि चहा ओतायला सुरुवात झाली. ते दोघं मात्र अजून रिकाम्या वळणाकडे तोंड करून शेजारी शेजारी उभे होते, आणि त्यांच्या मधे ते उघडं स्टूल तसंच होतं.